पगारी गिऱ्हाईक

मावशीला बाजारात कुणी नावानं ओळखत नव्हतं, आणि तिच्या धंद्याला तेच सोयीचं होतं. धंदा म्हणजे गिऱ्हाईक होण्याचा. रिकाम्या दुकानात पाय टाकायला माणूस कचरतो. पण आत एखादी बाई चादर उलटसुलट करत, नाक मुरडत, भावावरून हुज्जत घालत उभी असली की जाणाऱ्या-येणाऱ्याचे पाय आपोआप वळतात. ती बाई म्हणजे मावशी. दुकानदाराचा फोन आला की ती जायची, घासाघीस करायची, उठून निघाल्यासारखं करायची, परत यायची, शेवटी "बरं, द्या बांधून" म्हणायची. गर्दी जमली की बांधलेली वस्तू मागच्या दारानं परत ठेवायची आणि पुढच्या गल्लीत दुसऱ्या दुकानात गिऱ्हाईक व्हायची. पिशवीत दोन-तीन ओढण्या आणि एक जाड काड्यांचा चष्मा कायम असायचा, म्हणजे एकाच रस्त्यावर तीच बाई तिसऱ्यांदा चादर घेताना दिसायला नको.

कामात ती तरबेज होती. तिचं बोलणं ऐकून कधी कधी दुकानदारालाच वाटायचं की आपला माल खरंच बरा असावा.

नवरा गेल्यावर मुलीचं शिक्षण याच कामावर झालं. मुलीला एवढंच माहीत होतं की आई दुकानात कामाला जाते. कुठल्या दुकानात, हे तिनं विचारलं नव्हतं असं नाही. मावशीला त्या वेळी नेमकं ऐकू यायचं नाही. आता त्या मुलीचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा तिच्याच ऑफिसातला, शांत, मावशीला मनापासून आवडलेला. मुलाकडचं घर बघून झालं, मुलीकडचं बघून झालं, आणि घोडं अडलं होतं ते मुलाच्या आईपाशी. बाई वाईट नव्हत्या, पण शाळेत मुख्याध्यापिका म्हणून आयुष्य काढलेलं. त्यांना सगळं तपासून घ्यायची सवय. फोनवर त्या म्हणाल्या, "मुलगी मला पसंत आहे हो. पण घरही कळायला हवं. तुमच्या शहरातल्या बाजारांचं फार ऐकलंय. एक दिवस मला हिंडवून आणा. हिंडताना माणूस कळतं. मग मी काय ते सांगते."

मावशी "हो, या की" म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. जगात हिंडायला बागा आहेत, तळी आहेत. या बाईला बाजारच हवा.

तिनं तयारी केली. चादरवाल्याला फोन केला, बॅगवाल्याला केला, चपलांच्या दोन्ही दुकानांत स्वतः जाऊन सांगून आली, "उद्या मी दिसले तर ओळख दाखवू नका. पाहुण्या आहेत बरोबर." सगळ्यांनी माना डोलावल्या. भांड्यांच्या गल्लीत मात्र ती गेली नाही, कारण तिथे पाहुण्यांना न्यायचंच नाही असं तिनं ठरवलं होतं. तिथला कुकरवाला तिला नकोसा झाला होता. महिन्याभरापूर्वी एक बाई हाताला पट्ट्या बांधून त्याच्या दुकानात आली होती. झाकण उडालं, म्हणाली. व्हॉल्व्ह नुसता शोभेचा आहे, आत काहीच नाही, म्हणाली. कुकरवाल्यानं हसत हसत, गोल गोल बोलून तिला बाहेर काढलं, आणि त्या वेळी मावशी तसाच एक कुकर हातात घेऊन दुकानाच्या कोपऱ्यात उभी होती, भाव कमी करा म्हणून. त्या दिवसापासून त्याचा फोन आला की ती काही ना काही कारण सांगायची. कुकरवाला मात्र सगळ्यांशी हसून बोलायचा, त्यामुळे त्याला राग आला की नाही ते कळायचं नाही.

मुलाची आई सकाळच्या बसनं आली. सुती साडी, पायात चालायचे बूट, खांद्याला शबनम. उतरल्या उतरल्या म्हणाल्या, "विहीणबाई म्हणू का अजून ताईच म्हणू?"

"तुम्हाला वाटेल ते म्हणा," मावशी म्हणाली.

"मग दिवस संपेपर्यंत ताई."

तरी आपण त्यांना विहीणबाईच म्हणू, कारण मावशी मनातल्या मनात तेच म्हणत होती.

कापडाच्या गल्लीत पहिला घोळ झाला. चादरवाल्याला ओळख दाखवू नको सांगितलं होतं, तर त्यानं इतक्या इमानदारीनं दाखवली नाही की विहीणबाई समोर उभ्या राहून भाव विचारतायत आणि हा बाबा छताच्या पंख्याकडे बघून उत्तर देतोय. मावशीच्या बाजूला मान वळू नये म्हणून त्यानं मानेला जणू खुंटीच ठोकली होती.

"याला काय झालंय?" विहीणबाईंनी विचारलं.

"मान धरली असेल," मावशी म्हणाली. "पुढे याच्यापेक्षा चांगल्या चादरी आहेत."

चपलांच्या रांगेत दुकानातली पोरगी तिला बघून पटकन काउंटरखाली बसली. विहीणबाईंना ते दिसलं नाही, पण मावशीला दिसलं आणि तिनं त्यांना हाताला धरून पुढे नेलं. बॅगांच्या दुकानासमोरून जाताना बॅगवाला "या मा—" एवढं म्हणाला आणि मग जीभ चावून "या माल बघायला" असं म्हणून मोकळा झाला. विहीणबाईंनी एकदा त्याच्याकडे, एकदा मावशीकडे पाहिलं. काही बोलल्या नाहीत. मुख्याध्यापिकेचं हे न बोलणं फार वाईट असतं. समोरचा आपण होऊन कबुली देतो की काय, याची त्या वाट बघत असतात.

"तुम्हाला इथे बरेच जण ओळखतात वाटतं," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या.

"येणंजाणं असतं."

"दुकान कुठलं तुमचं? जिथे तुम्ही काम करता ते?"

"ते या बाजूला नाही, पलीकडे," मावशी म्हणाली, आणि हात असा हलवला की त्यात अर्धं शहर आलं. "आज बंद असतं."

विहीणबाईंनी मान हलवली. मावशीला वाटलं, निभावलं. दुपार होत आली होती, दोन गल्ल्या झाल्या की बस स्टँड, मग निरोप, मग सगळं सुरळीत. ती पाऊल उचलून चालायला लागली तर विहीणबाई मागे थांबलेल्या.

"भांडी कुठे मिळतात?"

"भांडी तुमच्या गावाकडेच चांगली मिळतील की."

"ताई, मुलांनी स्वतंत्र घर बघितलंय. घर मांडायचं तर कुकर आधी लागतो. तो मी माझ्याकडून घेणार, ठरवूनच आलेय."

"उन्हाचं कशाला, मी घेऊन ठेवते ना."

"ऊन मला काय करतंय? शाळेच्या मैदानात हाडं तापलीत माझी. चला."

आता नाही कसं म्हणायचं? मावशीनं गल्लीच्या लांबच्या टोकाकडून शिरून कुकरवाल्याचं दुकान टाळायचं ठरवलं. पण विहीणबाई पुढे. जिथे गर्दी दिसेल तिथे शिरायचं, हा त्यांचा हिशेब, आणि तो चुकीचा आहे असं कुणाला वाटेल? गर्दी कशी जमवली जाते हे त्यांना काय ठाऊक. त्या सरळ कुकरवाल्याच्या दुकानात शिरल्या.

काउंटरवर पाच-सहा जण होते. एक तरुण मुलगी, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, कुकर हातात घेऊन त्याचं बूड न्याहाळत होती. घ्यावा की न घ्यावा, हे तिच्या कपाळावर लिहिलेलं होतं. कुकरवाल्यानं मान वर केली आणि त्याला मावशी दिसली. इतके दिवस कारणं सांगणारी मावशी, आज न बोलावता, आणि बरोबर एक बाई घेऊन. त्याचा चेहरा फुलला. त्याला वाटलं, ही आपण होऊन कामावर आली.

"काय ताई," तो म्हणाला, "मागचा कुकर कसा चाललाय?"

हे वाक्य रोजचं होतं. त्याचं उत्तरही रोजचं होतं. मावशीनं ते इतक्या वेळा म्हटलं होतं की झोपेतून उठवलं असतं तरी ते आलं असतं, आणि आताही ते आलं. तिच्या मनाला पत्ता लागायच्या आधी तोंडातून बाहेर पडलं, त्याच सुरात, त्याच समाधानी हसण्यासकट.

"लग्नापासून वापरतेय. एक दिवस तक्रार नाही."



ओळखपत्रवाल्या मुलीनं वळून तिच्याकडे पाहिलं. विहीणबाईंनीही पाहिलं, आणि त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "अहो, मग आधी नाही का सांगायचं? घरच्या माणसाचा अनुभव असताना दहा दुकानं कशाला हिंडायची? द्या हो, याच मापाचा एक द्या. मुलाच्या नवीन घरासाठी आहे."

मुलाच्या नवीन घरासाठी. म्हणजे मावशीच्या मुलीच्या ओट्यावर. सकाळी ऑफिसच्या घाईत मुलगी त्याच्यावर वाकलेली मावशीला दिसली, आणि पट्ट्या बांधलेला तो हातही दिसला. आतापर्यंत किती जणींना तिनं हे वाक्य ऐकवलं होतं, तेव्हा असा एकही ओटा तिला दिसला नव्हता. दिसू दिला नव्हता, असं म्हणणं जास्त खरं.

काय करावं? इथेच खरं सांगावं तर लग्न मोडलं. गप्प बसावं तर कुकर घरात आला. मावशीला घाबरायलाही वेळ नव्हता. कुकरवाला खोकं काढायला वाकला होता. दुकानदारांत आणि तिच्यात एक खूण ठरलेली होती: पिशवी उजव्या खांद्यावरून डाव्यावर घेतली, की या गिऱ्हाइकाला सोड, भानगडीचं आहे. तिनं पिशवी डाव्या खांद्यावर घेतली. कुकरवाल्याचं लक्ष नाही. तिनं परत उजव्यावर घेऊन परत डाव्यावर घेतली.

"खांदा दुखतोय का?" विहीणबाईंनी विचारलं. "आणा मी धरते."

"नको, नको," म्हणत मावशी खोकली. कुकरवाल्यानं वर पाहिलं. पिशवी डाव्या खांद्यावर. त्याचं हसू क्षणभर अडखळलं, त्यानं विहीणबाईंना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, आणि त्यांच्या चालायच्या बुटांवरून आणि करड्या नजरेवरून त्याची खात्री पटली की ही बाई सरकारी तपासणीची असणार.

"अरेरे, मॅडम," तो म्हणाला, "या मापाचा हा एकच राहिला होता, आणि तो या ताईंनी घेतलाय." त्यानं ओळखपत्रवाल्या मुलीच्या हातातला कुकर झटकन खोक्यात घातला. "हो ना ताई? नवीन माल यायला वेळ लागेल, मॅडम."

मुलगी गोंधळली. मग मावशीकडे बघून छान हसली. "मी घेणार नव्हते खरं तर. पण तुम्ही सांगितलंत ना, म्हणून घेते."

मावशी हसली. काय करणार, तेही सवयीनंच.

बाहेर आल्यावर विहीणबाई जराशा हिरमुसल्या होत्या, पण चहाच्या टपरीजवळच्या बाकावर बसल्यावर त्यांचा नूर बदलला. मावशीनं सुटकेचा श्वास सोडला. आपण वाचलो, पोरगी वाचली, कुणाला काही कळलं नाही. विहीणबाईंनी पायातले बूट सैल केले आणि म्हणाल्या, "खरं सांगू? सकाळपासून मला जरा शंका येत होती. तो पंख्याकडे बघणारा, तो जीभ चावणारा. म्हटलं, बाईंची इथे उधारी-बिधारी आहे की काय. पण मघाशी दुकानात तुम्ही जे बोललात ना, तसं खोटं माणसाला बोलता येत नाही. साधं, सरळ. मला तेच बघायचं होतं. मी घरी गेले की कळवते यांना. नक्की करून टाकू."

मावशीच्या कानात हे शब्द शिरले, आणि ती रडेल की हसेल हे तिचं तिलाच कळेना. दिवसभर ज्याच्यासाठी जीव टांगणीला लावला ते हातात आलं होतं. आता फक्त चहा प्यायचा होता.

तेवढ्यात रस्त्याच्या पलीकडे, बसच्या थांब्याकडे, ती मुलगी जाताना दिसली. खोकं दोन्ही हातांनी पोटाशी धरलेलं. वर ओळखपत्र लोंबतंय. मावशीच्या मुलीच्या गळ्यातही असंच असायचं, घरी आल्यावरही काढायला विसरायची.

बस येईल, मुलगी चढेल, संपलं. अशा कितीतरी गेल्या. मावशीनं चहाचा कप तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला. या मुलीला खोकं मिळालं ते नुसत्या त्या वाक्यामुळे नाही. आपल्या मुलीवरचं काढून मावशीनं ते हिच्या हातात दिलं होतं, पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेऊन. एवढं काही तिला आजवर कधी स्पष्ट दिसलं नव्हतं. तिला स्वतःची किळस आली.

ती उठली. "आलेच," म्हणाली आणि धावत सुटली.

गाड्यांमधून वाट काढत ती थांब्यावर पोचली तेव्हा तिला धाप लागली होती. "बाळा, थांब. तो कुकर वापरू नकोस."

मुलगी दचकली, मग ओळखून हसली. "अहो, तुम्हीच तर म्हणालात."

"मी म्हणाले ते विसर. तो चांगला नाही. झाकण उडतं. एका बाईचा हात भाजलाय."

"पण तुमचा लग्नापासून चालू आहे ना?"

"माझ्याकडे तो नाहीच."

मुलीचं हसू मावळलं. तिनं खोकं जरा आणखी जवळ ओढलं. "मावशी, मला कळतंय. तुमच्याबरोबरच्या बाईंना हवा होता आणि शेवटचा मला मिळाला. पण मी पैसे दिलेत. असं सांगून तुम्ही माझ्याकडून घेणार असाल तर ते बरोबर नाही."

थांब्यावरचे दोघं-तिघं वळून बघायला लागले. मावशीनं परत सांगितलं, शपथ घेतली, हात जोडले. जितकं जास्त सांगावं तितका मुलीचा संशय वाढत गेला. आयुष्यभर मावशीचं खोटं कुणी परत फिरवलं नव्हतं, आणि आज खरं बोलत होती तर ते कुणी घेईना. कोपऱ्यावर बस वळताना दिसली.

आणि मावशीच्या पाठीमागून बुटांचा आवाज आला. विहीणबाई. त्याही धापा टाकत होत्या. "काय झालं? ताई, असं काय पळालात?"

मावशीनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बोलली नसती.

"मी गिऱ्हाईक नाही," ती मुलीला म्हणाली. "मी पगारी आहे. दुकानदार मला पैसे देतात, गिऱ्हाईक असल्यासारखं बोलायचे. त्यानं विचारायचं कसा चाललाय, आणि मी म्हणायचं लग्नापासून वापरतेय. एक दिवस तक्रार नाही. सगळ्यांना हेच म्हणते. चादरीलाही हेच म्हणते, बॅगेलाही हेच म्हणते. पाहिजे तर परत म्हणून दाखवते."

आणि तिनं म्हणून दाखवलं. तोच सूर, तेच समाधानी हसू. भर रस्त्यात, घामेजलेल्या चेहऱ्यानं. ते ऐकल्यावर मुलीच्या चेहऱ्यावरचा संशय गेला आणि त्या जागी जे आलं ते बघवत नव्हतं.

"शी," मुलगी म्हणाली. एवढंच. खोकं घेऊन ती ताडताड भांड्यांच्या गल्लीकडे परत निघाली. तिथे ती काय बोलेल आणि उद्यापासून मावशीला कुणाचा फोन येईल की नाही, याचा विचार करायची ही वेळ नव्हती. बस आली, माणसं चढली, बस गेली. थांब्यावर दोघी उरल्या.

विहीणबाईंनी खांद्यावरची शबनम सारखी केली. मग त्यांनी विचारलं, आणि आवाज चढवून नाही, अगदी हळू.

"त्या दिवशी आमच्याकडे आलात तेव्हा तुम्ही मुलीबद्दल बोललात. गुणी आहे, समंजस आहे, कधी उलटून बोलत नाही. ते पण असंच होतं का?"

मावशीनं तोंड उघडलं. नाही हो, माझी मुलगी खरंच गुणी आहे, हे वाक्य जिभेवर तयार होतं. ते बाहेर येणार तोच तिला त्याचा सूर ऐकू आला, काउंटरवरचा. तिनं तोंड मिटलं. जगातली सगळ्यात खरी गोष्ट सांगायची होती आणि त्यासाठी तिच्याकडे न वापरलेला एकही शब्द नव्हता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तरी यांना खरं वाटेल का, याचीही तिला खात्री नव्हती.

"ती आळशी आहे," मावशी म्हणाली.

विहीणबाईंनी मान वर केली.

"सकाळी हाका मारून मारून माझा घसा बसतो तेव्हा उठते. ओला टॉवेल पलंगावर टाकते. चिडली की दोन दोन दिवस अबोला धरते, आणि चूक तिची असली तर तीन. हिशेबात कच्ची आहे. मी आजारी पडले तर मला औषध देते आणि वर रागावते, की तुला स्वतःकडे बघता येत नाही का. मला घाबरत नाही. तुम्हालाही घाबरणार नाही."

ती थांबली. 

विहीणबाई थांब्याच्या बाकावर बसल्या. शबनम मांडीवर घेतली, आणि बाकावरची उरलेली जागा हातानं झटकली.

"बसा," त्या म्हणाल्या. "आणखी सांगा."